कर्जमाफीचा अर्ज आणि काकूंचा अंगठा

मोबाइलवरची एखादी सोय लोकांना जमते की नाही, हे त्यांच्या शेजारी बसून पाहणे हा माझा पुण्यातला व्यवसाय. त्याला ‘युजर एक्स्पीरियन्स रिसर्च’ म्हणतात. नाव भारदस्त असले तरी काम साधे आहे. विचारायचे थोडे, बघायचे जास्त.

सप्टेंबर २०१७ मध्ये मी गावी, म्हणजे बुलढाण्याजवळच्या देऊळघाटला, गेलो होतो. राज्यभर कर्जमाफीचे ऑनलाइन अर्ज भरणे चालू होते. शेत थोरल्या काकूंच्या नावावर, म्हणून त्यांना घेऊन एका केंद्रावर गेलो. निंदण-खुरपण करून बोटांच्या रेघा झिजलेल्या. यंत्र अंगठा घेईना. ‘काऊन रे बापू, अंगठा माहाच हाय नं?’ त्यांनी मलाच विचारले.

रांगेत एकच प्रश्न ऐकू येत होता. कर्ज बँकेने दिले, खाते बँकेत, मग हे सारे पुन्हा आम्हीच का सांगायचे? प्रश्न बिनतोड होता. उत्तर केंद्रावर मिळण्यासारखे नव्हते, म्हणून रात्री २८ जून २०१७ चा शासन निर्णय वाचला. माफीची मर्यादा दीड लाख रुपये, पण ती कुटुंबाला. बँकेला खातेदार ठाऊक असतो. त्याचे कुटुंब ठाऊक नसते. म्हणून अर्ज, आणि अर्जात पती-पत्नी दोघांची माहिती. म्हणजे ती रांग संगणकाने लावली नव्हती, ‘कुटुंब’ या एका शब्दाने लावली होती. नुसते केंद्रावर बसून हे कळले नसते, आणि नुसता कागद वाचून काकूंचा अंगठा दिसला नसता.

पुढची कर्जमुक्ती २७ डिसेंबर २०१९ च्या निर्णयाने आली. तीत निकष कुटुंबाचा नव्हे, वैयक्तिक शेतकऱ्याचा. मर्यादा दोन लाख. अर्जच गेला. माहिती बँकांनी द्यायची, शेतकऱ्याने यादीतली रक्कम पाहून आधार पटवायचे. २४ फेब्रुवारी २०२० रोजी आधी ६८ गावांच्या याद्या लागल्या, बाकीच्या नंतर. आमच्या धंद्यातही असेच थोडक्यावर करून पाहतात. सोपेपणाला किंमत मात्र पडते. एका घरात दोन कर्जदार असले तर तिजोरीवर दुप्पट भार. उलट थकबाकी दोन लाखांच्या वर गेलेला शेतकरी योजनेबाहेरच राहिला. २०१७ मध्ये वरची रक्कम भरून त्याला आत येता येत होते.

अंगठा राहिलाच. यादीत धाकट्या काकूंचे नाव आले, तेव्हा थोरलीने त्यांना कोमट पाण्यात हात भिजवून पाठवले. तरी तिसऱ्या बोटाला जमले.