बहिऱ्या मुलासाठी घरची भाषा सोडायची?

अमेरिकेतल्या स्पॅनिशभाषक आईबापांना मूल बहिरं असल्याचं कळलं की एक सल्ला हमखास मिळतो: याला एक भाषा शिकतानाच जड जाईल, तेव्हा घरात स्पॅनिश बंद करा आणि इंग्रजीच बोला. सल्ला काळजीपोटी दिलेला असतो, पण चुकीचा आहे. मूल पहिले शब्द उचलतं ते अंघोळीत, जेवताना, कपडे चढवताना. आई ‘आग्वा’ म्हणत पाणी ओतते, ते गरम आहे का विचारते, पुन्हा ओतते. एकच शब्द पाच-सहा वाक्यांतून फिरतो. श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट वापरणाऱ्या मुलाला अशी पुनरावृत्ती जास्तच लागते. याच आईला न येणाऱ्या इंग्रजीत बोलायला लावलं, तर ती ‘वॉटर’ म्हणून गप्प होईल. स्पॅनिश गेल्याने घरात चांगली इंग्रजी येत नाही, बोलणंच आटतं.

फेरेन्क बुंटा आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये अशा २० मुलांची तुलना प्रसिद्ध केली. निम्म्यांना दोन्ही भाषांतून मदत मिळत होती, निम्म्यांना फक्त इंग्रजीतून. भाषेच्या एकूण गुणांत आणि बोलून व्यक्त होण्यात दोन्ही भाषांवाली मुलं पुढे होती. वीसच मुलं, हा आक्षेप रास्त आहे. एवढ्यावरून दोन भाषांनी प्रगती होतेच असं म्हणता येणार नाही. पण स्पॅनिशमुळे नुकसान होतं, हे सिद्ध करण्याची जबाबदारी ती बंद करायला सांगणाऱ्यांची आहे, आणि तसा पुरावा ते देत नाहीत. ‘शब्द कमी आहेत ना!’ म्हणून बोट दाखवलं जातं, तेव्हा आधी मोजणी कशी केली ते विचारावं. मुलाला स्पॅनिशमध्ये ३० आणि इंग्रजीत २० शब्द येत असतील आणि यादी फक्त इंग्रजीची असेल, तर ३० शब्द हिशेबातच येत नाहीत. पिअर्सन, फर्नांडिस आणि ऑलर यांनी १९९३ मध्ये ऐकू येणाऱ्या द्विभाषक बाळांचे दोन्ही भाषांतले शब्द एकत्र धरले, तेव्हा ती एकभाषक बाळांच्या मागे नव्हती.

खुणांची भाषा शिकवली की शब्द खुंटतात, हाही गैरसमजच: सहा महिन्यांच्या आत अमेरिकन साइन लँग्वेज मिळालेल्या, ऐकू येणाऱ्या पालकांच्या बहिऱ्या मुलांचा शब्दसंग्रह वयानुरूप वाढतो, असं केसेली, पायर्स आणि लीबरमन यांनी २०२१ मध्ये दाखवलं. ‘बोलेल उशिरा, थांबून पाहू’ हे मात्र खरोखर महागात पडतं. पहिल्या महिन्यात श्रवणचाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू, हे वेळापत्रक पाळलं गेलेल्या मुलांचा शब्दसंग्रह मोठा असल्याचं योशिनागा-इटानो यांच्या गटाला २०१७ मध्ये १२ राज्यांतल्या ४४८ मुलांत आढळलं. त्यामुळे पालकांनो, तारखा पाळा, शब्द दोन्ही भाषांत मोजून घ्या (मॅकआर्थर-बेट्स शब्दयादी स्पॅनिशमध्येही उपलब्ध आहे) आणि मुलाशी घरच्या भाषेत भरपूर बोला. परदेशातल्या मराठी घरांनीही मराठी सोडू नये.