घरकुलाचे २ लाख आणि एकच ठेकेदार

पेण-रोह्याच्या वाड्यांवरील कातकरी कुटुंबांना २०२३ पासून ‘पीएम-जनमन’ योजनेत घरकुलासाठी २ लाख रुपये मंजूर होतात. पैसे टप्प्याटप्प्याने खात्यात येतात. घर लाभार्थ्यानेच बांधायचे, ठेकेदार नको, असा नियम. पण पावसाळा सरला की उचल घेतलेले कुटुंब वीटभट्टीवर जाते. बांधकामाचा हंगामही नेमका तोच! मग काम ठेकेदाराकडे जाते. रस्ता नसलेल्या वाडीवर सिमेंट चढवायला एखादाच तयार होतो आणि तो सांगेल तोच भाव. दुसरा कोणी नसताना घासाघीस कशी करणार? (विटा पाडणाऱ्यांनाच वीट विकत घ्यावी लागते, हे वेगळेच.) चार-पाच कुटुंबांनी दोन-तीन दुकानांत भाव विचारून एकत्र माल घेतला, तर चित्र बदलते. म्हणून आपल्या देणगीतून आयते घर देण्यापेक्षा दोन हप्त्यांमधल्या मालासाठी बिनव्याजी रक्कम द्यावी, असे मला वाटते.