पोलिश राष्ट्रीय नभोवाणी सिंफनी वाद्यवृंद
पोलिश राष्ट्रीय नभोवाणी सिंफनी वाद्यवृंद हा पोलंडमधील काटोवित्से शहरात असलेला पाश्चात्त्य अभिजात संगीताचा वाद्यवृंद आहे. नभोवाणीवरून संगीत प्रसारित करण्यासाठी स्थापन झालेला हा वाद्यवृंद पुढे आधुनिक पोलिश संगीताचा प्रमुख आधार ठरला.

स्थापना आणि महायुद्ध
१९३५ साली वॉर्सा येथे संगीतसंचालक ग्झेगोश फितेलबेर्ग यांनी या वाद्यवृंदाची स्थापना केली. १९३९ मध्ये जर्मनीने पोलंडवर आक्रमण केल्यानंतर पोलिश नभोवाणी बंद पडली व वाद्यवृंदाचे कार्यही थांबले. ज्यू वंशाचे फितेलबेर्ग देशाबाहेर पडले आणि युद्धकाळात अमेरिका खंडात राहिले.

पुनर्स्थापना
महायुद्धात वॉर्सा शहर उद्ध्वस्त झाले होते. त्या मानाने सायलीशिया या कोळसाखाणींच्या प्रदेशातील काटोवित्सेची हानी कमी झाली होती. तेथे १९४५ साली वितोल्द रोवित्स्की यांनी वाद्यवृंदाची नव्याने उभारणी केली. १९४७ मध्ये फितेलबेर्ग मायदेशी परतले व १९५३ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी संचालकपद सांभाळले.

नव्या संगीताला आश्रय
जर्मन अंमलाच्या काळात लिहावयास घेतलेली वितोल्द लुतोस्वाव्स्की यांची पहिली सिंफनी या वाद्यवृंदाने १ एप्रिल १९४८ रोजी फितेलबेर्ग यांच्या संचालनाखाली प्रथम सादर केली. पुढच्याच वर्षी साम्यवादी राजवटीने ती 'रूपवादी' ठरवली. म्हणजेच तिच्यात जनतेला समजेल अशा आशयापेक्षा रचनेच्या कौशल्याला महत्त्व आहे, असा ठपका ठेवला. त्यानंतर सुमारे दहा वर्षे ती वाजवली गेली नाही. सरकारी नभोवाणीच्याच वाद्यवृंदाने जन्माला घातलेली कृती सरकारनेच दडपावी, हा या इतिहासातील विरोधाभास होय. धोरण सैल झाल्यावर परिस्थिती पालटली. लुतोस्वाव्स्की यांची दुसरी सिंफनी १९६७ साली याच वाद्यवृंदाने प्रथमच संपूर्ण स्वरूपात सादर केली. फितेलबेर्ग यांच्यानंतर यान क्रेंत्स यांनी दीर्घकाळ संचालन केले. १९८३ ते २००० या काळातील संचालक आंतोनी वित यांच्या ध्वनिमुद्रणांमुळे हे वादन जगभरातील श्रोत्यांपर्यंत पोहोचले.

नवे सभागृह
१ ऑक्टोबर २०१४ रोजी वाद्यवृंदाच्या नव्या वास्तूचे उद्घाटन झाले. बंद पडलेल्या कोळसाखाणीच्या जागेवर उभारलेल्या या वास्तूची रचना तोमाश कोन्योर यांनी केली. तिच्या मुख्य सभागृहात सुमारे १,८०० आसने आहेत. बाह्य भिंतींच्या विटा या भागातील खाणकामगारांच्या जुन्या लाल विटांच्या वसाहतींची आठवण करून देतात.