रिलेचा घरगुती चार्जर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

एक रिले, एक डायोड आणि दोन बॅटऱ्या, एवढ्यावर हा प्रयोग होतो. रिलेची कॉइल तिच्याच नॉर्मली क्लोज्ड कॉन्टॅक्टमधून पहिल्या बॅटरीला जोडतात. कॉइलने पट्टी ओढली की कॉन्टॅक्ट सुटतो, प्रवाह तुटतो, पट्टी मागे येते आणि पुन्हा तेच. शाळेत शिकलेली विद्युत घंटा अशीच वाजते. प्रवाह तुटताना कॉइलमध्ये उसळणारं उलटं व्होल्टेज डायोडमधून दुसऱ्या बॅटरीत सोडायचं, की 'चार्जर' तयार. सर्किट खरोखर चालतं. गडबड आहे ती त्यावरून काढलेल्या निष्कर्षांत.

गैरसमज : कॉइल शेकडो व्होल्ट देते, म्हणजे ऊर्जाही भरपूर.
वस्तुस्थिती : बॅटरी जोडलेली असताना ती उसळी शेकड्यांत जातच नाही, बॅटरी तिला आपल्या व्होल्टेजच्या आसपास रोखून धरते. शिवाय १२ व्होल्टच्या छोट्या रिलेची कॉइल साधारण ४०० ओहमची असते. ती घेते ३० मिलिअँपिअर, म्हणजे ०.३६ वॅट. ७ अँपिअर-अवरच्या बॅटरीत ८४ वॅट-अवर मावतात. घेतलेली सगळी ऊर्जा दुसरीकडे पोचली असं धरलं, तरी २३३ तास, म्हणजे जवळजवळ दहा दिवस लागतील. प्रत्यक्षात बराचसा भाग कॉइलच्या तारेतच उष्णता होऊन जातो.

गैरसमज : मीटरवर १२.८ दिसले, म्हणजे बॅटरी भरली.
वस्तुस्थिती : चार्जिंग चालू असताना किंवा नुकतंच थांबवल्यावर दिसणारा आकडा फुगलेला असतो. काही तास विश्रांती दिल्यावर लेड-ॲसिड बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवत असेल, तर ती भरल्याचं लक्षण. खरा निकाल मात्र लोडवरच लागतो.

गैरसमज : पहिली बॅटरी उतरत नाही, म्हणजे वीज फुकट.
वस्तुस्थिती : एवढ्या कमी लोडवर तासा-दोन तासांत मीटरला फरक जाणवत नाही, आणि विश्रांतीत व्होल्टेज थोडं वर येतं. दोन्ही बॅटऱ्यांमधली ऊर्जा मिळून मोजली तर ती घटलेलीच असते.

गैरसमज : रिले महिनोन्महिने चालेल.
वस्तुस्थिती : अशा रिलेचं यांत्रिक आयुष्य साधारण एक कोटी उघडझापींचं असतं. सेकंदाला ५० वेळा वाजली तर ते ५५ तासांत संपतं. कॉन्टॅक्ट त्याआधीच ठिणग्यांनी जळू शकतात. धोका याच ठिणगीचा आहे. चार्ज होताना लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की तो पेट घेऊ शकतो.

गैरसमज : नुसती रिले लावली तरी भरल्यावर चार्जिंग आपोआप बंद होतं.
वस्तुस्थिती : १२ व्होल्टची रिले ९ व्होल्टच्या आसपास ओढते आणि त्याहून बरीच खाली सोडते. १३.८ आणि १४.४ यांतला फरक तिला कळत नाही. तो ओळखायला कंपॅरेटर हवा. रिलेने फक्त स्विचचं काम करावं. तिथे कॉइलला उलटा डायोड आणि बॅटरीच्या वायरला फ्यूज लावायलाच हवा.

लिथियम बॅटरीवर यातला एकही प्रयोग करू नका. लेड-ॲसिडवर करायचा तर खोली हवेशीर ठेवा आणि प्रयोगाआधी व नंतर दोन्ही बॅटऱ्यांवर एकच बल्ब किती वेळ जळतो ते मोजा. मीटरपेक्षा त्या मिनिटांवर विश्वास ठेवा.