कोरड्या ऋतूची शेती : दोंडाईचा आणि स्पेन

धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातील दोंडाईचा हे सुरत-भुसावळ लोहमार्गावरील शहर मिरचीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. हा व्यापार येथे रुजण्यास जमिनीइतकेच पर्जन्याचे वेळापत्रकही कारणीभूत आहे. भूमध्य सागरी हवामानाच्या स्पेनशी तुलना केली असता हे चांगले लक्षात येते.

तापीप्रमाणेच दक्षिण स्पेनमधील ग्वादलकिवीर नदीही डोंगररांगांमधून पश्चिमेस वाहते. ऋतुचक्र मात्र अगदी उलट आहे. तेथे पाऊस हिवाळ्याच्या आगेमागे पडतो. त्यावर गहू वाढतो आणि ऑलिव्हचे झाड मुळांच्या बळावर कोरडा उन्हाळा काढते. खानदेशात, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, पावसाचा भर जून ते सप्टेंबर या काळात असतो. पुढे काळ्या जमिनीत राहिलेल्या ओलीवर ज्वारी, हरभरा येतो. तापीचे काठ उंच असल्याने पाणी उपसूनच घ्यावे लागते. म्हणून विहिरीस महत्त्व. विहिरींचाही नेम नाही. या परिसरात काळ्या दगडाच्या भिंतींसारख्या लांबच लांब टेकड्या आढळतात. भूगर्भातील भेगांत शिलारस थिजून त्या बनल्या. भूजलाची वाट त्या काही ठिकाणी अडवितात आणि टेकडीच्या एका अंगास पाणी, तर दुसऱ्या अंगास खडखडाट असा प्रकार घडू शकतो.

मिरची मूळची अमेरिकेतील; स्पॅनिश आणि पोर्तुगीज दर्यावर्द्यांनी ती जगभर नेली. स्पेनच्या ला वेरा भागात मिरचीची तोडणी आणि शरदातील पाऊस एकाच सुमारास येतात. त्यामुळे तेथे ती ओकच्या लाकडांच्या धुरावर वाळवितात, तर कोरड्या मुर्सिया प्रांतात उन्हात. दोंडाईचा परिसरात लाल मिरचीच्या हंगामापूर्वीच मान्सून परतलेला असतो. व्यापारी ओली मिरची घेऊन मोकळ्या मैदानावरील पथारीवर पसरतात. १०० किलो पिकलेल्या मिरचीतून साधारण २५ ते ३५ किलो सुकी मिरची हाती येते. इंधनाचा खर्च शून्य, हे या पद्धतीचे बळ. उघडे आकाश ही तिची दुबळी बाजू.

अवकाळी पावसाची एक सर आली की पथारीवरील मालाचा रंग जातो, बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन या विषारी द्रव्याचा धोका निर्माण होतो. ताडपत्री, सिमेंटचे उंच ओटे आणि सौर वाळवणी यंत्रे हे त्यावरील ज्ञात उपाय होत. मिरची पसरणे, उलटणे व देठ खुडणे या कामांवर अनेक मजूर स्त्रियांचा हंगाम चालतो. पथारी भिजली की त्यांचे काम थांबते, आणि ही बुडालेली मजुरी पिकांच्या पंचनाम्यात नोंदली जात नाही.