मिलर्स पॉइंटची दहा वर्षं

या डिसेंबरात आमच्या जुन्या गटातला शेवटचा सोबती केपटाउन सोडून लेकीकडे न्यूझीलंडला गेला. जायच्या आधी आम्ही दोघं मिलर्स पॉइंटला उभे होतो. आग्नेयेचा वारा चढला होता, अख्खा फॉल्स बे फेसाळला होता, आणि पाण्यात उतरायला निघालेली तरुण मंडळी माना खाली घालून मनगटावरची घड्याळं लावत होती. समुद्राकडे कुणी बघत नव्हतं. ते लागलं, म्हणून हा मागोवा.

सर्फस्कीचा, म्हणजे आम्ही लाटांवर वल्हवायचो त्या लांब, अरुंद होडीचा, जुना इतिहास मला फारसा खिळवून ठेवत नाही. ऑस्ट्रेलियातल्या जीवरक्षकांच्या जड लाकडी होड्या, मग फायबरग्लास, डर्बनकडे १९५८ पासून होणारी स्कॉटबर्ग ते ब्रायटन शर्यत, हे सगळं आमच्या आधीचं. मी जगलो ती वर्षं २००५ ते २०१५ ची.

मी रत्नागिरीचा. आमच्याकडे पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवतात, नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावर दर्या खुला होतो. इथे मात्र वारा खवळला की लोक ऑफिसातून लवकर निघायचे, गाडीच्या टपावर होडी बांधून मिलर्स पॉइंट गाठायचे. होडी सहा मीटरहून लांब, रुंदी जेमतेम ४५ सेंटीमीटर, बैठक उघडी, पायाशी सुकाणूची पेडलं. थांबली की डगमगते, वेगात असली की सावरते. तिथून फिश हूकपर्यंत साधारण ११ किलोमीटर, वारा पाठीशी. रोमन रॉकच्या दीपस्तंभाकडे जाताना लाटा वाढत जातात आणि खरी मजा तिथे सुरू होते.

लाट मागून येते, पण मागे वळून बघायचं नाही. बघायचा तो होडीच्या नाकापुढचा खळगा. शेपूट उचललं गेलं की चारपाच जोरकस वल्ही मारायची, नाक उतरलं की हात सैल सोडायचे. पुढच्या लाटेच्या पाठीवर धापा टाकत चढायचं नाही. हवाईतली मोलोकाईची सर्फस्की शर्यत १२ वेळा जिंकलेला, शेवटची २०१२ मध्ये वयाच्या ४९ व्या वर्षी, तो ऑस्कर चालुप्स्कीही हेच शिकवतो. ती लाट जाऊ द्यायची. डावीकडे नाहीतर उजवीकडे दुसरा खळगा उघडतोच. हे कुणी कागदावर शिकवलं नाही. जुनी माणसं शेजारून जाताना ओरडायची, ‘थांब! आता! डावीकडे!’ आणि कित्येक उन्हाळ्यांनंतर ते ओरडणं अंगात भिनलं.

त्या माणसांचं ऋण मानतो, पण एक हिशेबही बाकी आहे. पायाला बांधायची दोरी भित्र्यांसाठी असते, असं त्यांच्यातलेच काही जण मोठ्याने म्हणत. तीस नॉटच्या वाऱ्यात बारा-पंधरा किलोची रिकामी होडी पाण्यावरून उडत जाते. माणूस कितीही तगडा पोहणारा असो, ती त्याच्या हाती लागत नाही. हे ठाऊक असून पोरांना लाजवलं गेलं. नवख्यांसाठी जरा रुंद होड्या आल्या, तेव्हा एका क्लबच्या कारभाऱ्याने त्यांना शर्यतीत घ्यायला नकार दिला. वर्षभर पोरं काठावर उभी राहिली आणि त्यातली बरीचशी परतलीच नाहीत. याचा राग मला आजही येतो. रुंद होडीत बसून खळगा वाचायला शिकलेला माणूस पुढे अरुंद होडीत टिकतो. उलटं होताना मी क्वचितच पाहिलं.

आज दोरी सगळे बांधतात, बचाव संस्थेच्या अॅपवर निघाल्याची नोंदही करतात. हे फार चांगलं झालं. पण घड्याळ जो वेग दाखवतं, तो मागे पडलेल्या लाटेचा असतो, आणि तो आकडा घसरला की ही मुलं जिथे थांबायचं नेमकं तिथेच जोर लावतात. चढावर दमतात, समोरचा खळगा हुकतो. शेजारून ओरडणारंही कुणी उरलं नाही. प्रत्येक जण आपल्या वेळेच्या मागे एकटा.

त्याहून मोठं नुकसान पाण्याखाली झालं. आमच्या काळात फिश हूकला टेहळे डोंगरावरून शार्कवर नजर ठेवत. भोंगा वाजला आणि काळ्या शार्कचा पांढरा झेंडा चढला की सगळे बाहेर. २०१५ पासून मिलर्स पॉइंटलाच पाणबुड्यांना यकृत काढून घेतलेले सातकल्ल्यांचे शार्क मेलेले सापडू लागले. काम ऑर्कांच्या एका जोडीचं. पुढच्या काही वर्षांत मोठे पांढरे शार्कही खाडीतून दिसेनासे झाले. ऑर्कांनी हाकलले की मासेमारीने त्यांचं खाद्य संपवलं, यावर संशोधकांत अजून वाद आहे. किनाऱ्यावर मात्र ‘बरं झालं, आता बिनघोर’ असं ऐकू येतं, आणि मला ते सहन होत नाही. मागच्या आठवड्यात एका मुलाला मी झेंड्यांचे रंग विचारले. त्याला एकही सांगता आला नाही. म्हणाला, घड्याळात वाऱ्याचा अंदाज येतो, तेवढा पुरतो.