हबलचा आलेख मुलांना स्वतः काढू द्या

विश्व प्रसरण पावतं, हे वाक्य मुलं पाठ करतात. पण ते कळलं कसं? शिक्षकांना माझी कळकळीची विनंती: खगोलशास्त्रज्ञ हबलच्या 1929 च्या लेखातला 24 आकाशगंगांचा तक्ता मुलांना द्या आणि आलेख कागदावर अंतर विरुद्ध वेग मांडायला सांगा. ठिपके बरेच विखुरलेले दिसतील. त्यातून सरळ रेषा ओढायला केवढं धाडस लागलं असेल!

पण या शोधाचं श्रेय एकट्या हबलचं नाही. बहुतेक वेग व्हेस्टो स्लायफरने आधीच मोजले होते. अंतरं मोजण्याची किल्ली हेन्रिएटा लेव्हिटच्या सेफीड, म्हणजे ठरावीक काळाने तेज बदलणाऱ्या ताऱ्यांच्या अभ्यासातून मिळाली. प्रसरणाचं गणित फ्रीडमनने 1922 मध्ये मांडलं होतं, लमेत्रने 1927 मध्ये.

खरी गंमत पुढे आहे. रेषेचा चढ निघतो दर मेगापार्सेक अंतराला सेकंदाला सुमारे 500 किलोमीटर. त्याच वेगाने काळात मागे गेलं, तर विश्वाचं वय येतं जेमतेम 2 अब्ज वर्षं, म्हणजे पृथ्वीहून कमी! इथे थांबा. चूक कुठे असेल, यावर मुलांना भांडू द्या. हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी 1948 मध्ये विश्वाला आरंभच नाही असं मानणारा स्थिर स्थिती सिद्धांत मांडला, त्यामागे ही अडचणही होती. आपले जयंत नारळीकर पुढे हॉइलबरोबर त्यावर काम करत होते. 1952 मध्ये वॉल्टर बाडेने दाखवलं की सेफीड दोन प्रकारचे असतात, आणि अंतरं एकदम दुप्पट झाली. पुढेही मोजमापं सुधारत गेली; चढाचा आजचा आकडा 70 च्या आसपास आहे, वय 13.8 अब्ज वर्षं.